शुक्रवारचं दार: ऑनलाइन शब्बाथ मंडळात दहा महिने

गेल्या जूनमध्ये लेकीने इस्रायलमधल्या अश्दोदहून एक लिंक पाठवली. खाली एवढंच: "आई, शुक्रवारी एकदा बसून बघ. गाणी आहेत."

मी ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी. वय एकसष्ट, गुडघे त्याहून म्हातारे. आमचं शाअर हाशमाइम सिनॅगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, 1879 सालचं, रिक्षाने दहा मिनिटांवर. आमचे हे दर शुक्रवारी जातात. मी सणावाराला जाते, एरवी पायऱ्यांचं नाव काढलं की कुरकुर सुरू, गुडघ्यांची आणि माझीही. त्यामुळे शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे मी, दिवे आणि शेजारच्यांची मालिका. म्हटलं, बसून बघू.

आधी हे काय आहे ते सांगते. न्यूयॉर्क राज्यातल्या एका गावातून एक स्त्री रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, हे मंडळ चालवतात. दर शुक्रवारी त्यांच्या सकाळी नऊला व्हिडिओ कॉलवर तीस-पस्तीस माणसं जमतात: टोरोंटो, लंडन, ब्युनोस आयरीस, हैफा, आणि आता ठाणे. सव्वा तास. शब्बाथ म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा आमचा विश्रांतीचा दिवस, त्याच्या स्वागताची प्रार्थना होते, पण गाणं जास्त आणि प्रवचन कमी. महिन्याला 18 डॉलर किंवा जमेल तेवढे. हिब्रू अक्षरांच्या हिशेबात 18 म्हणजे 'खाय', जिवंत, म्हणून आमच्यात देणगी अठराच्या पटीत देतात. माझं कार्ड पहिल्या तीन वेळा परत आलं. शेवटी लेकीने तिकडून भरले आणि मी तिला इकडून खजुराच्या वड्या पाठवल्या.

आनंदाने भक्ती करायची ही त्यांची सगळी मांडणी. ती जुनी आहे. अठराव्या शतकात आजच्या युक्रेनमधल्या पोदोलिया भागात बाल शेम तोव नावाचे ज्यू गुरू होऊन गेले. अडाणी माणसाने मनापासून मारलेली हाकही पंडिताच्या प्रार्थनेइतकीच वर पोचते, आणि पडेल चेहऱ्याने देवापुढे उभं राहू नये, असं त्यांचं सांगणं. त्यांचे पणतू, ब्रेस्लोवचे रब्बी नाखमान (1772–1810), यांनी तर सदा आनंदात राहणं ही मोठी मित्झ्वा ठरवली, म्हणजे धर्माने सांगितलेलं कर्तव्यच. गंमत म्हणजे ते स्वतः खिन्नतेशी आयुष्यभर झगडले. हे कळल्यावर मला त्यांच्याबद्दल विश्वास वाटायला लागला. मग विसाव्या शतकात रब्बी झाल्मान शाख्टर-शालोमी (1924–2014): व्हिएन्नात वाढले, नाझींच्या तावडीतून निसटून अमेरिकेला पोचले, लुबाविच या परंपरेला धरून असलेल्या ज्यू पंथात रब्बी झाले आणि पुढे त्या चौकटीतून बाहेर पडून ज्यूइश रिन्यूअल ही चळवळ उभी केली. स्त्रियांना बरोबरीचं स्थान, ध्यान, नाच, इतर धर्मांतल्या साधकांबरोबर बसणं. आमचं मंडळ याच घराण्यातलं.

पहिल्या शुक्रवारी मला हसू आवरेना. सुरुवात निगुनने होते. निगुन म्हणजे शब्द नसलेलं गाणं, "याय दाय दाय, दी दी दाय", तेच तेच पंधरा मिनिटं. पडद्यावर तीस माणसं डोळे मिटून डोलतायत आणि आवाज मात्र एकटीचाच. बाकी सगळ्यांचे माइक बंद. का, तर व्हिडिओ कॉलवर प्रत्येकाचा आवाज थोडा थोडा उशिरा पोचतो. माइक उघडे ठेवले की कोरस होत नाही, लग्नाच्या हॉलमधली जेवणाची पंगत होते. म्हणजे एकत्र गाण्यासाठी जमलेल्या मंडळात एकत्र गाणं हीच एक गोष्ट होऊ शकत नाही. हा सगळ्यात मोठा दोष, आणि दहा महिन्यांत त्यावर तोड निघालेली नाही. 'ओरिजिनल साउंड' चालू केला की गाणाऱ्या बाईंचा आवाज बरा येतो, एवढंच.

तिसऱ्या-चौथ्या शुक्रवारी निगुन माझ्या तोंडात बसला. तराण्यासारखंच आहे ते. अर्थ शोधणं सोडलं की सूर पकडतो. स्वयंपाकघरात बिरडं सोलताना मी "याय दाय दाय" करत होते. ह्यांनी वाचता वाचता पेपर खाली केला, बघितलं आणि पुन्हा वर केला.

आता वेळेचं. हे शब्बाथ पाळणाऱ्या कुणीही नीट वाचावं, कारण त्यांच्या माहितीत ते कुठे लिहिलेलं नाही. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. जुलैत ठाण्यात सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, दिवे त्याआधी अठरा मिनिटं लावायचे. म्हणजे मला वीस-पंचवीस मिनिटं मोकळी मिळतात. एकदा दिवे लागले की शब्बाथ सुरू, मग मी यंत्राला हात लावत नाही. चालू आहे ते चालू राहू दे, पंख्यासारखं. यावर रब्बींमध्ये एकमत नाही. 2020 च्या लॉकडाउनमध्ये इस्रायलमधल्या काही मोरोक्कन वंशाच्या रब्बींनी एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांसाठी पेसाख सणाच्या रात्री व्हिडिओ कॉलला परवानगी दिली, तेव्हा इतर मोठ्या रब्बींनी कडाडून विरोध केला होता. मंडळातले निम्मे लोक दिवसभर फोन वापरतात, निम्मे वापरत नाहीत. कुणी कुणाला विचारत नाही. हे मला आवडलं.

न आवडलेलंही सांगते. मध्ये दहा मिनिटं चार-चार जणांच्या खोल्या करतात, बोलायला. पहिल्या महिन्यात प्रत्येक खोलीत मला एकच प्रश्न: "भारतात ज्यू? तुम्ही कधी धर्म बदललात?" मी सांगायचे, अलिबागजवळ नवगाव म्हणून गाव आहे, तिथल्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेली सात जोडपी आमचे पूर्वज, असं आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणात आम्हाला शनिवार तेली म्हणत. मुंबईचं आमचं पहिलं सिनॅगॉग 1796 चं, मांडवीतलं, त्याला लोक मशीदच म्हणायचे आणि मस्जिद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं आम्ही मानतो. चौथ्या वेळी हे सगळं सांगताना माझ्या आवाजात आनंद नव्हता. हसतमुखाने अज्ञान दाखवणाऱ्या माणसांवर रागावताही येत नाही, त्याचा वेगळा त्रास. आणि ते हसूसुद्धा. सतत हसू. "आज तुमचा आनंद कुठे आहे?" असं विचारलं की मला शाळेतल्या पीटीची आठवण यायची. ऑगस्टच्या सुरुवातीला मी सोडायच्या बेतात होते. तेव्हा मी पाचपैकी दोन तारे दिले असते.

ऑगस्टमध्ये माझे दादा गेले, इस्रायलमधल्या दिमोनात. तिकडे दफन त्याच दिवशी झालं, मी पोचणार कशी? ठाण्यातच शिवाला, म्हणजे सात दिवसांच्या सुतकाला, बसले, जमिनीवर, आरसे झाकून. शुक्रवार आला. शब्बाथला उघड शोक करायचा नसतो, हे नियमात ठीक आहे, पण तोंड तर माझंच होतं. मी रब्बीबाईंना लिहिलं की आज येत नाही, हसायला जमणार नाही. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं: हसू नका, पण या. आणि उशिरा आत या, जशी रीत आहे तशी.

रीत अशी. शब्बाथला नवरी मानून तिचं स्वागत करणारं 'लेखा दोदी' हे गीत सोळाव्या शतकात आजच्या इस्रायलमधल्या त्सफात गावात शलोमो अल्काबेत्स यांनी रचलं. शेवटच्या कडव्याला सगळे दाराकडे वळून उभे राहतात. ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे तो तोवर बाहेर थांबतो. कडवं संपलं की आत येतो आणि सगळे त्याला सांत्वनाचे शब्द म्हणतात. लहानपणी आईबरोबर गेले असताना मी हे पाहिलं होतं, पुरुषांच्या बाबतीत.

मी सव्वासहाला लिंक दाबली. पडद्यावर पांढरी पाटी: थोड्या वेळात तुम्हाला आत घेतलं जाईल. पावणेसातला दिवे लावले. आमच्याकडे अजून काचेच्या ग्लासात पाणी, वर खोबरेल आणि काडीची वात, आजीची पद्धत. हात तोंडावर धरून बेराखा, म्हणजे दिव्यांची प्रार्थना, म्हटली आणि खुर्चीत बसून राहिले. आत ते गात असणार. मला ऐकू येत नव्हतं. बाहेर पाऊस होता.

मग पाटी गेली आणि तीस चेहरे आले, सगळे माझ्याकडे वळलेले. पडद्यात सगळे तसेही समोरच बघतात, तरी त्या दिवशी ते वळलेले वाटले. बाईंनी सगळ्यांचे माइक उघडले आणि सगळे म्हणाले, "हामाकोम येनाखेम एतखेम..." कुणी पुढे, कुणी मागे, लंडन आधी, ब्युनोस आयरीस सगळ्यात शेवटी. एकदाच म्हटलेले शब्द बराच वेळ येत राहिले. मी काहीच बोलले नाही. बोलायचं नसतंच. खरं तर 'ती जागा तुमचं सांत्वन करो' असं ते वाक्य, हामाकोम म्हणजे जागा आणि तेच देवाचंही एक नाव. आमच्यातल्या कुणालाच तेव्हा एक जागा नव्हती.

नंतरच्या आठवड्यात बाईंनी विचारलं, दाराशी बसाल का? म्हणजे आलेल्यांना आत घ्यायचं, नाव विचारायचं, नवीन माणसाला प्रार्थनेची पानं पाठवायची. आमच्या सिनॅगॉगमध्ये शमाश, म्हणजे तिथला सेवक, करतो तेच. दिवे लागेपर्यंत मी, पुढे त्या. आणि मंडळ मला आवडायला लागलं ते इथून. निगुन तेच, हसू तेच, खोल्यांमधले प्रश्नही तेच. पण आता "भारतात ज्यू?" विचारणाऱ्याला आत मी घेतलेलं असायचं. बघणारीचा आनंद आणि दार उघडणारीचा आनंद यात मला जमीन-अस्मानाचा फरक पडला. मंडळात पंधरा जण तरी असे आहेत की वर्षभर येतात, बघतात, जातात. त्यातले किती जण गळतात हे मी दाराशी बसून पाहिलं आहे. गाणी चांगली म्हणून कुणी टिकत नाही. कुणी पानं लावतं, कुणी मेणबत्त्यांची वेळ काढून सगळ्यांना पाठवतं, ते टिकतात.

नोव्हेंबरात अमेरिकेची घड्याळं मागे गेली आणि साडेसहाचे साडेसात झाले. ठाण्यात तोवर दिवे लावून पावणेदोन तास झालेले. मंडळाने मोठ्या मनाने एक तास आधी भरायची तयारी दाखवली. पण आपल्याकडे सूर्य सहालाच मावळतो, त्याचा मला काही उपयोग नव्हता, आणि कॅलिफोर्नियाच्या दोघी पहाटे पाचला उठल्या असत्या त्या वेगळ्याच. मी नको म्हटलं. लॅपटॉप दिव्यांआधी जोडून ठेवायचा असं ठरलं. पहिल्याच शुक्रवारी स्क्रीन झोपी जायची सेटिंग बदलायला विसरले. सव्वासहाला काळोख. बोट लावलं असतं तर चालू झाला असता. नाही लावलं. काळ्या पडद्यासमोर बसून आमच्या जुन्या चालीत एकटीने लेखा दोदी म्हटलं, नऊच्या नऊ कडवी. वाईट नाही झालं.

हिवाळ्यात दार सुटलं तेव्हा बाईंनी दुसरं काम दिलं: गुरुवारी फोन. दोन शुक्रवार न आलेल्यांना विचारायचं, बरे आहात ना. माझं इंग्रजी सरकारी नोकरीतलं, पत्रं लिहिण्यापुरतं. पहिला फोन करताना वाक्य कागदावर लिहून घेतलं होतं. ब्युनोस आयरीसच्या आजोबांचं इंग्रजी माझ्याहून वाईट निघालं. आम्ही दोघं आता बरेचसे निगुनवरच भागवतो.

फेब्रुवारीत तू बिश्वात, म्हणजे झाडांच्या नव्या वर्षाचा सण, आला. त्या दिवशी आमच्यातले बरेच जण अलिबागजवळच्या खंडाळ्याला जातात. तिथल्या खडकावर प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या आणि घोड्याच्या खुणा आहेत, असं आम्ही मानतो. मी मंडळासाठी मलिदा, आमचा एलियाहूच्या नावाचा प्रसाद, केला, रविवारी संध्याकाळी, म्हणजे यंत्राचा प्रश्न नाही. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, बाजूला पाच फळं. सगळ्यांना साहित्य आधी कळवलं होतं. टोरोंटोच्या बाईंना पोहे मिळाले नाहीत, त्यांनी ओट्स भिजवले. दिसायला ते भिंतीच्या लुकणासारखं दिसत होतं. त्यांनी ते संपवलं. शनिवारी रात्री शब्बाथ संपताना एलियाहूचं गाणं जगभरचे ज्यू म्हणतात, त्यामुळे शब्द सगळ्यांना येत होते. चाल आमची होती. या वेळी माझा माइक उघडा होता आणि बाकी सगळ्यांचे बंद.

कुणी घ्यावं? जवळ सिनॅगॉग आहे आणि पाय धड आहेत, त्यांनी तिथेच जावं. ह्याच्याने मिन्यान, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष, पुरा होत नाही, निदान आमच्या रीतीत नाही, आणि ठाण्यात दहावा पुरुष शोधायची पाळी येते तेव्हा व्हिडिओ कॉल धावून येत नाही. ज्यांना हिब्रू अजिबात येत नाही त्यांना पहिला महिना जड जाईल. गाणं ऐकायला म्हणून येणार असाल तर तीन आठवड्यांत कंटाळाल. आल्या आल्या काहीतरी काम मागून घ्या. माझे तारे आता चार. पाचवा आवाजाच्या उशिराने खाल्ला.

मार्चमध्ये घड्याळं परत फिरली. आता सूर्य पावणेसातच्या पुढे मावळतो, म्हणजे दिवे साडेसहालाच, पण मी सव्वासहाला दार उघडते. गेल्या शुक्रवारी बाहेर एक नाव थांबलं होतं, नुसतं 'आयफोन'. मी आत घेतलं. अंधारात एक बाई, मागे पेटीत बांधलेलं सामान, बोलत नव्हती. मी शब्बाथ शालोम म्हटलं, पानं पाठवली आणि घड्याळ बघितलं. दिव्यांना चार मिनिटं होती.