पद्मिनीचं कूलिंग पूर्ण नव्यानं केलं, सोलापूरच्या आख्ख्या उन्हाळ्यानंतरचा अनुभव

गाडी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाटच, १९८६ ची, १०८९ सीसी पेट्रोल. जानेवारीतली गड्ड्याची जत्रा संपली की काम काढलं होतं आणि आता पाऊसपण सरत आलाय, म्हणजे मधला सगळा उन्हाळा गाडी चालवून झाली म्हणून आत्ता लिहितोय, फेब्रुवारीत लिहून काय उपयोग, तेव्हा कुठलीही गाडी गारच चालते.

आपल्याकडं जुनी फियाट गरम होते म्हटलं की उत्तर ठरलेलंय, "ऊनच तसलंय ओ सोलापूरचं". मला हे बिलकूल पटत नाही. ह्याच गाड्या नव्या होत्या तेव्हा ह्याच उन्हात पुण्याला, हैदराबादला जातच होत्या की. बाहेर ४४ डिग्री असलं तरी आतलं पाणी ८०-९० ला असतं, पाणी नीट फिरत असेल आणि रेडिएटरच्या जाळीतून हवा जात असेल तर गाडी तापायचं कारण नाही. खरा घोळ पाण्याचा आहे. आपलं बोअरचं पाणी म्हणजे नुसता क्षार, तेच वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलेलं, त्यात ह्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं, दोन धातू एका पाण्यात, म्हणजे गंजायला पूर्ण मोकळीक.

ब्लॉकच्या बाजूचा, पाणी काढायचा ड्रेन प्लग खोलला तेव्हा एक थेंब पाणी आलं नाही. रेडिएटर भरलेला आणि तरी प्लग कोरडा! आत जाड तार घालून ढवळलं तेव्हा आधी तांबडा चिखल हळूहळू सरकत आला, त्यात गंजाच्या पापड्या, मग एकदम भळकन पाणी. मागच्या सिलिंडरच्या भोवती तर खडाच झाला होता. त्यामुळं नुसता रेडिएटर धुऊन आणणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, ब्लॉक साफ केल्याशिवाय नवा रेडिएटर बसवू नका, हाच गाळ दोन महिन्यांत नव्या जाळीत जाऊन बसतो. आम्ही वेल्श प्लग, म्हणजे ब्लॉकच्या भोकांना ठोकलेल्या पत्र्याच्या टोप्या, काढून पाण्याच्या प्रेशरनं धुतलं आणि प्लग नवीन पितळी ठोकले. कॉस्टिक घालू दिलं नाही, ॲल्युमिनियमचं हेड खाऊन टाकतं ते.

रेडिएटरवाल्या चाचांनी वरची टाकी उघडून दाखवली, निम्म्याच्या वर नळ्या पांढऱ्या क्षारानं बंद. "दादा, पाणी फिरंनाच झालंय, गार कुठनं होणार," एवढंच म्हणाले. सळई घालून साफ करायचा पर्याय होता पण नळ्या पातळ झालेल्या, म्हणून जाळीच बदलली, तांब्या-पितळेचीच. हल्ली ॲल्युमिनियमचा रेडिएटर बसवून देतात, हलका असतो, पण आपल्याकडं मोहोळला काय नि बार्शीला काय पितळेला डाग (सोल्डर) मारणारा माणूस सापडतो, ॲल्युमिनियमवाला सापडत नाही. जाळी आणि मजुरी मिळून साडेसहा हजार गेले, माझ्या मते सगळ्यात वसूल झालेला खर्च.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवून धरणारी झडप. माझ्या गाडीत नव्हताच, आधीच्या कुठल्यातरी मेकॅनिकनं काढून नुसतं गॅस्केट लावलं होतं. सगळीकडं हेच चालतं, काढून टाका, गाडी गार चालते. अरे पण बंद पडलेली जाळी त्यानं उघडते का? उलट थंडीत इंजिन तापायलाच तयार नसतं, चोक ओढून ओढून चालवायची, पेट्रोल जास्त जातं आणि ऑइलमध्ये काळा गाळ धरतो. मी ८२ डिग्रीचा बसवला, गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून उघडतोय का ते आधी बघून घेतलं, आणि त्याच्या चकतीला ३ मिमीचं भोक पाडलं म्हणजे हवा अडकत नाही. ॲव्हरेज ११ च्या आसपास होतं ते १३ च्या पुढं गेलंय, माझा अंदाज आहे त्यातला मोठा वाटा ह्याचाच.

रेडिएटरच्या झाकणाकडं कुणी बघतच नाही. प्रेशर धरलं तर दर पीएसआयला (दाबाचं माप) पाणी उकळायचं तापमान साधारण दीड डिग्रीनं वर जातं, म्हणजे ७ चं झाकण असेल तर ११० पर्यंत उकळत नाही. पण नव्या गाड्यांचं १५ चं झाकण चुकूनही लावू नका, टाकीचे डाग उकलतील. कूलंट साधं हिरवं, एक भाग कूलंट दोन भाग डिस्टिल्ड वॉटर, आपल्याकडं बर्फ पडत नाही आणि उष्णता वाहून न्यायला पाणीच चांगलं, कूलंट गंजासाठी.

पंख्याभोवती पत्र्याचं कडं करून घेतलं ते तर फारच कामाला आलं. आधी पंखा तीच गरम हवा फिरवत बसायचा, आता सगळी हवा जाळीतूनच ओढतो. मे महिन्यात दुपारी सात रस्त्याच्या सिग्नलला अडकलो तरी काटा ९० ला थांबतो. तुळजापूरच्या घाटात चौघं बसून, सेकंडला, ९५ पर्यंत गेला आणि वर पोचल्यावर लगेच ८५ ला आला. आधी ह्याच घाटात बाटल्या घेऊन उभं राहायला लागायचं.

तक्रार म्हणाल तर वॉटर बॉडीची, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाची. बाजारातला नवा सील महिनाभरात ठिबकायला लागला, परत खोलून दुसऱ्या कंपनीचा टाकावा लागला, त्यामुळं बॉडी बसवायच्या आधी बेअरिंग ढिलं नाही ना ते हातानं हलवून बघाच. रेडिएटरचा खालचा होजपाइपपण आतल्या स्प्रिंगसकट घ्या, नाहीतर रेस दिल्यावर चिपकतो.

आणि ह्या कामानं इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा त्रास जात नाही हे आधीच समजून घ्या. कडक उन्हात गाडी बंद करून दहा मिनिटांनी सुरू केली की पंपात पेट्रोलची वाफ धरते आणि गाडी फक्त स्टार्टर फिरवते. काटा तेव्हा अगदी जागेवर असतो, म्हणून परत रेडिएटरच्या मागं लागू नका. पंपावर ओलं फडकं टाकायचं, पाच मिनिटं थांबायचं. पुढच्या उन्हाळ्याआधी पंप आणि इंजिनाच्या मधलं जाड पॅकिंग बदलून बघणार आहे.