सीडी ऑनलाइन कुठून घ्यावी: आठ महिने, ४३ सीडी

स्ट्रीमिंगवर रोज ऐकत असलेला एक अल्बम एके दिवशी यादीतून नाहीसा झाला. काही आठवड्यांनी परत आला, पण आवाज वेगळाच होता, सगळं पुढे रेटून चढवलेलं. त्या दिवशी ठरवलं की जे खरंच आवडतं ते हातात असलं पाहिजे. तेव्हापासून आठ महिन्यांत ४३ सीडी घेतल्या, काही नव्या, बऱ्याचशा वापरलेल्या. दुकानं चार प्रकारची पाहिली: सगळं विकणारी मोठी साइट, डिस्कॉग्ज (संगीताच्या आवृत्त्यांची नोंदवही आणि वेगवेगळ्या विक्रेत्यांचा बाजार), बँडकॅम्प (कलाकार थेट आपलं संगीत विकतात ती साइट) आणि फक्त सीडीच विकणारी छोटी ऑनलाइन दुकानं.

मोठ्या साइटवर पार्सल लवकर येतं आणि परत करायला त्रास नाही, हे खरं. पण तिथे एकाच पानावर अल्बमच्या सगळ्या आवृत्त्या एकत्र केलेल्या असतात. रेकॉर्ड घेणाऱ्याचा रिव्ह्यू सीडीखाली, जुन्या आवृत्तीचं कौतुक नव्या आवृत्तीखाली. मी 'नवीन' म्हणून मागवलेली एक सीडी उघडली, उलटी केली, तर खालची बाजू निळसर. म्हणजे सीडी-आर, रिकाम्या डिस्कवर लिहिलेली. कारखान्यात दाबून काढलेल्या डिस्कमध्ये आवाजाची माहिती धरणारे सूक्ष्म खड्डे प्लास्टिकमध्येच उमटलेले असतात आणि वर ॲल्युमिनियमचा थर असतो, म्हणून ती चंदेरी दिसते. सीडी-आरमध्ये लेझरने रंगाचा थर बदललेला असतो, आणि ऊन आणि उष्णतेत तो थर खराब होऊ शकतो. नंतर पुन्हा पान वाचलं तेव्हा अगदी खाली बारीक अक्षरांत 'मागणीनुसार तयार' असं लिहिलेलं सापडलं. पैसे परत मिळाले. आता ती ओळ आधी शोधते, मगच किंमत बघते.

माझ्या ४३ पैकी २६ सीडी डिस्कॉग्जवरच्या विक्रेत्यांकडून आल्या, आणि मला सांगायचं आहे ते मुख्यतः याबद्दलच. तिथे एकेका अल्बमच्या वीस-तीस आवृत्त्या वेगवेगळ्या नोंदवलेल्या असतात: लेबल, साल, बारकोड, आणि डिस्कच्या मधल्या भोकाभोवतीच्या कड्यावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक. हा क्रमांक मी आधी कधी पाहिलाच नव्हता. टेबललॅम्पखाली डिस्क थोडी तिरकी धरली की आरशासारख्या पट्टीत बारीक अक्षरं उजळतात. शेजारीच बऱ्याचदा 'आयएफपीआय'ने (ध्वनिमुद्रण उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं लघुरूप) सुरू होणारा छोटा कोडही असतो. १९९४ पासून हे कोड येऊ लागले, त्यामुळे सीडी कुठल्या कारखान्यातली आहे याचा माग लागतो.

एवढा खटाटोप कशासाठी? एकाच अल्बमच्या दोन सीडी मी घेतल्या, एक ऐंशीच्या दशकाच्या शेवटची आणि एक पुढे रिमास्टर केलेली, म्हणजे जुन्याच ध्वनिमुद्रणाचा आवाज नव्याने जुळवलेली. दोन्ही संगणकावर उघडून पाहिल्या. जुनीच्या आवाजाच्या आलेखात डोंगर आणि दऱ्या, नवीनच्या आलेखात वरपासून खालपर्यंत भरलेला सपाट पट्टा. गायिका हळू गाते त्या जागी जुन्या सीडीत मी नकळत पुढे वाकून ऐकते. रिमास्टरमध्ये ती जागाच उरलेली नाही, हळू आणि मोठं जवळजवळ सारखंच. प्रत्येक रिमास्टर असा नसतो, काही सुंदर आहेत. पण आपण कुठलं घेतोय हे कळायलाच हवं.

म्हणून माझ्या लेखी चांगला विक्रेता तो, जो आपल्याकडची नेमकी प्रत दाखवतो. मी प्रत्येकाला एकच निरोप पाठवते: कड्यावरचा क्रमांक वाचून सांगाल का, आणि दोन्ही बाजूंचे फोटो पाठवाल का? दोन्ही बाजूंचे, कारण छापील बाजूचा चरा जास्त घातक असतो. खालून सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिकचं कवच असतं, पण वरून धातूच्या थरावर फक्त लॅकर आणि शाई. तिथे खोल ओरखडा गेला की माहितीच खरवडली जाते, आणि ती कितीही पॉलिश केलं तरी परत येत नाही. काहींनी दोन तासांत स्वच्छ फोटो पाठवले. काहींनी लिहिलं, 'चित्रात आहे तशीच आहे', आणि चित्र मात्र साइटवरचं सामाईक होतं. त्यांच्याकडून मी घेतली नाही. विक्रेते सीडीच्या अवस्थेला 'व्हीजी प्लस' ('खूप चांगली'च्या थोडी वर) अशी श्रेणी देतात; एकट्या तिच्यावर विसंबू नये, ती प्रत्येकजण आपापल्या डोळ्यांनी देतो.

वापरलेल्या सीडीपेक्षा टपालखर्च जास्त होतो, हे पहिल्याच महिन्यात कळलं. आता एकाच विक्रेत्याकडून तीन-चार एकदम मागवते.

पॅकिंगवरून दोनदा वाईट वाटलं. पातळ पाकिटात आलेल्या डबीतले मधले दात तुटले होते, डिस्क आत खुळखुळत होती. प्लास्टिकची डबी बदलता येते. डिजिपॅकचा, म्हणजे पुठ्ठ्याच्या घडीच्या वेष्टनाचा, पुठ्ठा दुमडला की दुमडला, म्हणून डिजिपॅक फक्त जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात पाठवणाऱ्याकडूनच.

नवीन कलाकारांसाठी मात्र मला बँडकॅम्पच योग्य वाटतं. सीडीसारख्या वस्तूंवर ते १० टक्के घेतात, आणि २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी तेही सोडतात. पार्सलला उशीर होतो, कारण बहुतेकदा कलाकार स्वतः पाकिटं भरतो. एका पुस्तिकेत एका वादकाचं आडनाव चुकीचं छापलं होतं, आणि ते काळ्या पेनने खोडून बाजूला बरोबर लिहिलेलं होतं. प्रत्येक प्रतीत हाताने केलं असणार. ती सीडी मी फार जपते. फक्त प्रती थोड्या असतात, संपल्या की संपल्या.

छोट्या दुकानांकडून पाचच घेतल्या, पाचही उत्तम निघाल्या. साठा कमी, पण माणसाला माल माहीत असतो.

पार्सल आलं की त्याच दिवशी तपासा, परतीची मुदत वाट पाहत नाही. मी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या प्रोग्रॅमने सीडी रिप करते, म्हणजे संगणकावर उतरवून घेते, आणि ॲक्युरेटरिप या ऑनलाइन नोंदींच्या साठ्यात इतरांच्या निकालाशी जुळतंय का बघते. वेळ नसेल तर निदान शेवटचा ट्रॅक आधी ऐका. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे लांब अल्बमचा शेवट कडेजवळ येतो, आणि बोटांचे ठसे आणि घासल्याच्या खुणा तिथेच जास्त. माझ्या दोन सीडी अशाच शेवटच्या ट्रॅकवर अडल्या. एकाने लगेच पैसे परत केले. दुसऱ्याने उत्तरच दिलं नाही, शेवटी साइटकडे तक्रार करून पैसे मिळवावे लागले.

सध्या एक जुनी आवृत्ती शोधतेय. तीन विक्रेत्यांना कड्याचा फोटो मागितलाय. दोघांचे आले, क्रमांक वेगळे निघाले. तिसऱ्याने लिहिलंय की संध्याकाळी डबी उघडून बघतो.