नेपाळ की भूतान? आधी रात्री मोजा

खानापूरचे माझे मामा मेअखेर शाळेतून निवृत्त झाले. जूनच्या पहिल्या पावसात ते आणि मामी आमच्याकडे बेळगावात टिळकवाडीला आले आणि चहा संपायच्या आत मामांनी विषय काढला. "दोघांकडंही पासपोर्ट नाही. दिवाळीनंतर तीन महिने डोंगरात कुठंतरी जाऊन राहायचं म्हणतोय. नेपाळ बरं की भूतान?" त्याच आठवड्यात अनगोळच्या मावसबहिणीचा फोन आला. तिच्या नवऱ्याला सहा दिवसांची सुट्टी मिळणार होती, बरोबर नऊ वर्षांचा मुलगा. तिचाही प्रश्न तोच. मी दोन्ही देश पाहिलेत, नेपाळात तर सलग दोन महिने राहिलोय. मामांना मी नेपाळ सांगितलं आणि बहिणीला भूतान.

कारण "भारतीयांना व्हिसा लागत नाही" हे वाक्य दोन्ही देशांना लागू असलं तरी दोन्हीकडे त्याचा अर्थ एक नाही. नेपाळात व्हिसा नाही, परवाना नाही, दिवसांची मर्यादाही नाही. भूतानमध्ये व्हिसा नाही, पण प्रवेश परवाना लागतो आणि तिथल्या प्रत्येक रात्रीचे पैसे सरकारला भरावे लागतात.

भूतानच्या या शुल्काचं नाव शाश्वत विकास शुल्क. भारतीय पर्यटकांना ते २०२० च्या कायद्याने लागू झालं. माणशी एका रात्रीचे १,२०० रुपये. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे, त्याहून लहानांना माफ. इतर देशांच्या पर्यटकांना १०० डॉलर पडतात, त्या मानाने आपल्याला सवलत आहे. हॉटेल, गाडी, जेवण हे सगळं याच्यावर. आता गणित करा. बहिणीच्या कुटुंबाला पाच रात्रींचे दोघा मोठ्यांचे १२,००० आणि मुलाचे ३,००० असे मिळून १५,००० रुपये. सहलीच्या एकूण खर्चात ते बसतात. मामा-मामींच्या नव्वद रात्रींचे मात्र २,१६,००० रुपये होतात, तेही डोक्यावर छप्पर मिळायच्या आधी. निवृत्त शिक्षकाने हे पैसे का घालवावेत, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आधी रात्री मोजा म्हणतो ते याचसाठी.

भूतानचा हेतू मला मनापासून पटतो. त्यांना गर्दी नको आहे, आणि पारोचं खोरं पाहिल्यावर ते योग्यच वाटतं. पण हेतू पटला तरी तो देश लांबच्या मुक्कामाचा नाही. नोकरी करायची तर तिथल्या मालकामार्फत कामाचा परवाना हवा. जमीन-घर घ्यायचा तर प्रश्नच नाही, भूतानच्या राज्यघटनेनेच परक्या नागरिकाला स्थावर मालमत्ता विकायला मनाई केली आहे.

नेपाळची गोष्ट ३१ जुलै १९५० च्या करारापासून सुरू होते. त्याच्या सातव्या कलमात दोन्ही देशांनी एकमेकांच्या नागरिकांना राहणं, मालमत्ता, व्यापार आणि ये-जा यांत सारख्या सवलती द्यायचं मान्य केलं. मालमत्तेचं कलम कागदावरच राहिलं. नेपाळी नागरिकत्वाशिवाय तिथं जमीन नावावर होत नाही, त्यामुळे कोणी पोखऱ्यात प्लॉट दाखवू लागला तर ऐकू नका. राहण्याचं आणि ये-जा करण्याचं कलम मात्र आजही जिवंत आहे. युरोप-अमेरिकेच्या पर्यटकाला एका वर्षात पर्यटक व्हिसावर जास्तीत जास्त १५० दिवस नेपाळात राहता येतं. तुम्हाआम्हाला ही मोजणी लागू नाही.

आपल्याला या सीमेचं नवल वाटत नाही. शिनोळीला रस्त्यावरच्या पाट्या कन्नडच्या मराठी होतात आणि राज्य बदलतं, तिकडे चंदगड, इकडे बेळगाव, आणि भाजीवाल्या मावशी दोन्हीकडे ये-जा करतात. नेपाळच्या सीमेवर सुनौलीची कमान ओलांडून पलीकडच्या बेलहियात पाऊल टाकलं तेव्हा मला तसंच वाटलं. फक्त घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करावं लागलं. भूतानमध्ये अर्धा तास.

आता कागद, कारण सीमाभागातल्या माणसाचं घोडं नेमकं इथं अडतं.

दोन्ही देशांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, दोहोंपैकी एक पुरतं. आधार कार्ड पुरत नाही. नेपाळसाठी ६५ च्या वरच्यांना आणि १५ च्या आतल्यांना वय आणि ओळख दाखवणारं दुसरं सरकारी फोटो कार्ड चालतं, त्यात आधारही आलं. पण साठीतल्या माणसाला ही सूट नाही. माझी ६१ वर्षांची आत्या फक्त आधार घेऊन निघाली आणि दिल्लीच्या विमानतळावरून तिला परत फिरावं लागलं. काठमांडूचं तिकीट वाया गेलं, आणि पशुपतिनाथाला वाहायला घरून नेलेलं बेलाचं पान तिने विमानतळावरच्या कुंडीत ठेवलं. ते मला अजून आठवतं. म्हणून हे पुन्हा सांगतो: आधारवर जाऊ नका.

दुसरी अडचण नावाच्या स्पेलिंगची. आपली मतदार कार्डं कन्नड आणि इंग्रजीत असतात. नाव मराठीतून कन्नडमध्ये आणि तिथून इंग्रजीत जाताना बदलतं. शाळेच्या दाखल्यावरचा ज्ञानेश्वर 'डी'ने सुरू होतो आणि मतदार कार्डावरचा 'जे'ने. चौगुल्यांच्या एका घरात तीन तऱ्हेची चौगुले स्पेलिंगं मी पाहिली आहेत. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचा घोळ वेगळाच. विमानाचं तिकीट ज्या कार्डावर प्रवास करणार त्याच कार्डावरच्या स्पेलिंगने काढा, घरी आपण कसं लिहितो ते विसरा. जुन्या कार्डावर बेलगाम आणि नव्यावर बेळगावी असेल तर घाबरू नका. शहराचं नाव २०१४ च्या नोव्हेंबरात बदललं, तुमचं नव्हे. पण स्वतःचं नावच चुकलं असेल तर मतदार नोंदणीचा फॉर्म ८ भरून दुरुस्त करून घ्या. ज्यांना पासपोर्टच काढायचा आहे त्यांना हुबळीला जायची गरज नाही, बेळगावच्या हेड पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात काम होतं.

भूतानला मुलाचा जन्मदाखलाही लागतो, तो इंग्रजीत हवा. नगरपालिकेचा जुना हाती लिहिलेला कन्नड दाखला असेल तर नवी प्रत काढून घ्या. परवाना ऑनलाइन मिळतो किंवा भूतानच्या सीमेवरच्या फुंत्शोलिंगच्या कचेरीत. तारखा, हॉटेल आणि ठिकाणं आधी ठरलेली हवीत. "बघू, आवडलं तर दोन दिवस जास्त राहू" असा प्रवास तिथं महागात पडतो. नेपाळात मी नेमका तसाच राहिलो होतो.

वाटेबद्दल थोडक्यात. नेपाळसाठी गोवा एक्स्प्रेस बेळगावातून थेट झाशीपर्यंत नेते, तिथून गोरखपूर आणि पुढे बसने सुमारे शंभर किलोमीटरवर सुनौली. लांब आहे, पण सामान हवं तेवढं नेता येतं, आणि तीन महिन्यांसाठी जाणाऱ्याला ते महत्त्वाचं. भूतानला माझ्या मते विमानानेच जावं. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून दिल्ली, दिल्लीहून सिलीगुडीजवळचं बागडोगरा किंवा थेट पारो. सहा दिवसांतले चार रेल्वेतच गेले तर बघायचं काय?

राहायचं तर पोखरा. काठमांडू सुमारे १,४०० मीटरवर, थिंफू २,३०० च्या आसपास, पौष-माघात दोन्हीकडे थंडी हाडात शिरते. पोखरा साधारण ८०० मीटरवर आहे, आपल्या बेळगावपेक्षा किंचितच उंच. हिवाळा सोसण्यासारखा, आणि सकाळी खिडकी उघडली की माछापुछ्रे शिखर समोर. पावसाळ्यात मात्र तिथं नेपाळातल्या सर्वांत जास्त पावसापैकी एक कोसळतो. कणकुंबी-जांबोटीच्या माणसाला पावसाची भीती नाही, तरी दरडी कोसळून रस्ते बंद होतात, म्हणून जून ते सप्टेंबर टाळा.

मी फेवा तलावापासून थोडं आत दोन खोल्या घेतल्या होत्या. तलावाला लागून भाडं चढं, दहा मिनिटं आत गेलं की उतरतं. घरमालक गोरखा पलटणीतले पेन्शनर. भारतीय दूतावासाचं पेन्शन कार्यालय पोखऱ्यातच आहे, त्यामुळे अशी माणसं गल्लोगल्ली भेटतात. बेळगाव म्हणताच त्यांनी मला बसवूनच घेतलं. लष्कराच्या ज्युनियर लीडर्स विंगचा कोर्स त्यांनी बेळगावच्या कॅम्पात केला होता आणि इथली मिठाई, कुंदा, त्यांना नावानिशी आठवत होती. पुढच्या महिन्यात मी परतलो तेव्हा पहिलं काम केलं ते कुंद्याचं पार्सल पाठवायचं.

आणखी एक गोष्ट, जी बेळगावच्या माणसालाच कळेल. नेपाळी भाषा देवनागरीत लिहितात. बसवरची पाटी, औषधाचं दुकान, बँक, शाळा, सगळं आपण वाचू शकतो. "प्रवेश निषेध", "कार्यालय", "विद्यालय". मी पहिल्या दिवशी उगाचच सगळ्या पाट्या मोठ्याने वाचत चाललो होतो. मामींना मी हे सांगितलं तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "मग तर मला एकटीला बाजारात जाता येईल की." आणि पशुपतिनाथाचे मुख्य पुजारी, ज्यांना तिथं मूल भट्ट म्हणतात, ते परंपरेने कर्नाटकातून येतात.

जेवणाचा प्रश्न नेपाळात नाही. डाळ-भात-तरकारी सगळीकडे. भूतानमध्ये एमा दात्शी, म्हणजे चीजमध्ये शिजवलेल्या मिरच्या. मिरची तिथं भाजी म्हणून खातात. आपल्याला झेपते, पण मुलासाठी आधी सांगून ठेवा. निपाणीकडच्या मंडळींसाठी एक सूचना: भूतानने तंबाखूच्या विक्रीवरची बंदी २०२१ मध्ये उठवली असली तरी सार्वजनिक ठिकाणी ओढण्यावर निर्बंध आहेत.

पैसे. भूतानचा नुल्त्रुम आपल्या रुपयाच्या बरोबरीचा, रुपया तसाच चालतो. नेपाळात १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी. दुकानदार "आयसी की एनसी?" असं विचारेल, आयसी म्हणजे भारतीय. २०१८ च्या डिसेंबरात नेपाळने १०० च्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. नंतर नियम सैल करायच्या हालचाली झाल्या, तरी मी आजही शंभराचीच गड्डी नेईन, तिला कोणी हरकत घेत नाही. यूपीआयचं पेमेंट दोन्ही देशांत सुरू झालंय, भूतानमध्ये २०२१ पासून आणि नेपाळात २०२४ पासून, पण खेड्यात रोखच लागते.

लांब राहणाऱ्या पेन्शनरांनी दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला. मामांची तारीख नेमकी मुक्कामात येत होती. मी सांगितलं, निघायच्या आधी देऊन टाका, नाहीतर मोबाइलवर काढता येतो, पण त्यासाठी भारतीय सिमवर ओटीपी यायला हवा, म्हणजे रोमिंग चालू ठेवा. दुसरी, आपल्याकडची सरकारी आरोग्य कार्डं तिथं चालत नाहीत. बीपी-शुगरची तीन महिन्यांची औषधं चिठ्ठीसकट न्या आणि परदेशातला उपचार धरणारा प्रवास विमा काढा.

आणि उघडी सीमा कायम उघडीच राहील असं धरू नका. २०२१ मध्ये कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद नसल्याने परत फिरलेली गाडी आपल्यापैकी अनेकांच्या घरची होती. दोन राज्यांमध्ये हे झालं, इथं तर दोन देश. भूतान मार्च २०२० मध्ये पर्यटकांना बंद झाला तो थेट २३ सप्टेंबर २०२२ ला उघडला. २०२५ च्या सप्टेंबरात काठमांडूत आंदोलन पेटलं तेव्हा विमानतळ बंद पडला होता. पोखऱ्यात राहणाऱ्याला खालच्या रस्त्याने सुनौली गाठता येते, हाही मी पोखऱ्याच्या बाजूचा एक मुद्दा धरतो. भूतानहून परतताना पर्याय थोडे.

बहिणीने भूतानचं नक्की केलं. पाच रात्री, पारो आणि थिंफू, बस्स. मामांनी नेपाळ म्हटलं, पण पारोजवळच्या, कड्याला चिकटलेल्या ताक्त्सांग मठाचा फोटो मामींनी पाहिला आणि तो त्यांच्या मनातून जाईना. मग आम्ही नकाशा पसरला. नेपाळच्या पूर्व टोकाला काकरभिट्टा, तिथून सिलीगुडी आणि सिलीगुडीहून भूतानच्या सीमेवरचं जयगाव. तीन महिने पोखऱ्यात काढून याच वाटेने परतताना भूतानमध्ये चार रात्री, दोघांचे ९,६०० रुपये. मामांनी आकडा वहीत लिहिला, थोडा वेळ बघितला आणि त्याखाली रेघ मारली. ताक्त्सांग सुमारे ३,१०० मीटरवर आहे, चढ तीन तासांचा, म्हणून मामींनी दुसऱ्या दिवसापासून पहाटे चालायला सुरुवात केली. त्यांच्या कार्डावर नावात एक अक्षर जास्त आहे. फॉर्म ८ गेल्या सोमवारी भरला. नवं कार्ड पोस्टाने आलं की गोवा एक्स्प्रेसचं रिझर्वेशन.