सिक्कीम की भूतान? एका नदीचं राज्य आणि अनेक खोऱ्यांचा देश

सिलिगुडीहून वीसेक किलोमीटरवर सेवक नावाचं गाव आहे. तिस्ता नदी इथे डोंगरांतून सुटते आणि मैदानात पसरते. नदीच्या कडेने सरळ वर गेलात तर सिक्कीम. कॉरोनेशन पूल ओलांडून पूर्वेला वळलात तर डुआर्सचे चहामळे, जलदापाड्याचं जंगल आणि मग जयगावची कमान; कमानीपलीकडे भूतान. पुण्या-मुंबईहून बागडोगऱ्याला उतरणाऱ्यांपैकी अनेकांचा निर्णय या फाट्यापर्यंत झालेला असतो, पण तो बहुधा फोटो पाहून झालेला असतो. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात: पताका, मठ, धुकं, बर्फाची रांग. जमिनीवर मात्र ते फार वेगळे आहेत. दोन्हीकडे राहून आल्यावर माझं मत असं झालं, की आधी नद्या कशा वाहतात ते बघावं. रस्ते, मुक्काम, उंची, खर्च, सगळं त्यातून उलगडत जातं.

सिक्कीमचं क्षेत्रफळ 7,096 चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 6 लाख 10 हजार, कोल्हापूर शहरापेक्षा थोडीच जास्त. पश्चिमेला सिंगालीलाची रांग, पूर्वेला चोलाची, उत्तरेला उंच हिमालय आणि दक्षिणेला उघडं तोंड, अशी ही घोड्याच्या नालेसारखी रचना. आतलं जवळजवळ सगळं पाणी एकट्या तिस्तेला मिळतं. पश्चिमेची रंगीत नदीही शेवटी तिच्यातच येते. तळाशी जेमतेम तीनशे मीटर उंची आणि माथ्यावर 8,586 मीटरचं कांचनजंगा, जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं शिखर. हा सगळा चढ शंभरेक किलोमीटरच्या आत. सकाळी केळीची झाडं आणि दुपारी बर्फ, हे सिक्कीममध्ये खरोखर घडतं.

भूतान 38,394 चौरस किलोमीटरचा, सिक्कीमच्या पाचपटीहून मोठा. लोकसंख्या मात्र आठ लाखांच्याही आतच. इथे एक नदी नाही. आमो छू, वांग छू, पुनात्सांग छू, मांगदे छू अशा नद्या उत्तरेकडून दक्षिणेला जवळजवळ समांतर वाहतात आणि मध्ये डोंगरांच्या भिंती उभ्या असतात. देशाचा मुख्य रस्ता या भिंती आडवा ओलांडतो: थिम्फूहून दोचुला खिंड चढायची, पुनाखाच्या खोऱ्यात उतरायचं, पुन्हा पेले ला चढायची (‘ला’ म्हणजे खिंड), त्रोंग्साला जायचं.

म्हणून दोन्हीकडचा प्रवास अंगालाही वेगळा लागतो. सिक्कीममध्ये एकाच दरीतून वर जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. भूतानमध्ये खिंड ओलांडली की नवं खोरं, नवी हवा, नवी शेतं. सिक्कीमचं मोठेपण त्या वर चढण्यात आहे, आणि तिथली सगळ्यात मोठी अडचणही तीच आहे. एक धागा तुटला की सगळं थांबतं. पावसाळ्यात राष्ट्रीय महामार्ग 10 वर दरड कोसळली की गंगटोक जवळजवळ तुटतं. उत्तरेकडच्या लाचेन-लाचुंग या गावांचे रस्ते तर दर पावसात कुठे ना कुठे खचतातच.

2023 च्या ऑक्टोबरात या भूगोलाची किंमत सगळ्यांनी पाहिली. 3 तारखेच्या रात्री उत्तर सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक हे हिमनदीच्या पाण्याचं सरोवर फुटलं. पाणी चुंगथांगला पोचलं आणि तिस्ता-3 प्रकल्पाचं धरण वाहून गेलं. 1,200 मेगावॅटचा प्रकल्प, 2017 सालीच सुरू झालेला. पूल गेले, घरं गेली, माणसं गेली. उत्तर सिक्कीममधल्या द्झोंगू भागातले लेपचा आदिवासी 2007 पासून तिस्तेवरच्या धरणांविरुद्ध उपोषणं करत होते. त्यांचं म्हणणं तेव्हा भाबडं मानलं गेलं, याची मला आजही खंत वाटते. उत्तर सिक्कीमचं आरक्षण करण्याआधी रस्त्याची ताजी स्थिती विचारा, आणि गंगटोकला हाताशी एखादा मोकळा दिवस ठेवा.

भूतान यातून सुटलेला नाही. 1994 च्या ऑक्टोबरात लुग्ये त्सो हे सरोवर फुटलं आणि पुनाखाच्या जोंगपर्यंत, म्हणजे तिथल्या किल्लेवजा मठापर्यंत, लोंढा आला. पुनात्सांगछू-1 हा प्रकल्प तर डोंगरच सरकल्यामुळे वर्षानुवर्षं रखडला. फरक इतकाच, की प्रवाशाचा मुक्काम तिथे रुंद, मधल्या उंचीच्या खोऱ्यांत असतो, त्यामुळे धोका तुलनेने लांब राहतो.

उंचीचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण सहलीच्या जाहिरातींत तो दोन ओळींत उरकलेला असतो. सिक्कीमच्या ठरलेल्या सहलीत गुरुडोंगमार सरोवर असतंच. लाचेन साधारण 2,700 मीटरवर. तिथून पहाटे अंधारात निघायचं आणि चार-पाच तासांत पाच हजार मीटरच्या वर पोचायचं. दुपारी वारा सुटतो म्हणून तिथून लवकर परतायचं. निळं गोठलेलं पाणी, मागे कोरडं तिबेटी पठार. दृश्य अपूर्व आहे, यात वाद नाही. पण एका सकाळीत अडीच हजार मीटर चढणं शरीराला झेपेलच असं नाही. डोकं ठणकणं, उलटी, छातीत धडधड हे तिथे नेहमीचंच. साठीच्या पुढचे आईवडील, दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेले, पाच वर्षांखालची मुलं, यांना मी तिथे नेणार नाही. छांगू सरोवर 3,753 मीटरवर आणि नाथू ला 4,310 मीटरवर. गंगटोकहून तेही एका दिवसात जाऊन येतात, पण तिथे थांबणं थोडं आणि उतरणं लवकर.

भूतानमध्ये थिम्फू आणि पारो दोन्ही 2,200 ते 2,350 मीटरच्या दरम्यान, पुनाखा 1,200 च्या आसपास. गाडीने सगळ्यात उंच जाल ते चेले ला खिंडीत, 3,988 मीटर, आणि तिथे राहायचं नसतं. खरा कस लागतो तो तक्तसांगच्या चढणीत. 1692 साली बांधलेला हा मठ 3,120 मीटरवर कड्याला चिकटलेला आहे. पायथ्यापासूनची चढण आपल्या सिंहगडाच्या पायवाटेशी तुलना करण्यासारखी, फक्त हवा विरळ आणि शेवटी शेकडो पायऱ्या उतरून पुन्हा चढायच्या. निम्म्या वाटेपर्यंत घोडे मिळतात. ज्यांना वर जमणार नाही ते चहाच्या थांब्यावर बसूनही समोरचा मठ डोळे भरून बघू शकतात. कुटुंबात तीन पिढ्या असतील तर ही सोय मोलाची आहे.

बर्फ हवाच असेल आणि कांचनजंगा डोळ्यांसमोर हवं असेल, तर मात्र भूतान तुमची निराशा करेल. तिथली उंच शिखरं बहुतेक दूरच राहतात. दोचुलावरून स्वच्छ सकाळी गांगखर पुएनसुमसह सगळी रांग दिसते. 7,570 मीटरचं हे शिखर अजून कुणीही चढलेलं नाही, आणि 2003 पासून भूतानात गिर्यारोहणाला पूर्ण बंदी आहे. पण ती रांग क्षितिजावर असते. पश्चिम सिक्कीममधल्या पेलिंगच्या खिडकीतून कांचनजंगा अंगावर येतं. सिक्कीमचे लोक त्याला रक्षक देव मानतात. 1955 साली पहिल्यांदा वर गेलेले ब्रिटिश गिर्यारोहक या श्रद्धेचा मान राखून शिखरबिंदूच्या काही पावलं खाली थांबले होते. याच श्रद्धेमुळे आणि जंगलामुळे 2016 साली खांगचेंदझोंगा राष्ट्रीय उद्यानाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही निकषांवर. भारतातलं असं ते पहिलंच स्थळ.

जंगलाच्या बाबतीत भूतानने जे केलं ते मला मनापासून आवडतं. 2008 च्या संविधानात लिहिलंय, की देशाची किमान 60 टक्के जमीन कायम वनाखाली राहील. प्रत्यक्षात ती 70 टक्क्यांच्या आसपास आहे. देश जितका कार्बन सोडतो त्याहून जास्त त्याचं जंगल शोषतं. हिवाळ्यात फोब्जिखाच्या दलदलीत तिबेटहून काळ्या मानेचे क्रौंच उतरतात. तिथे विजेच्या तारा पक्ष्यांना अडतील म्हणून जमिनीखालून नेल्या आहेत. सिक्कीममध्ये पाहावी ती गुरांसची, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची फुलं. एप्रिल-मेमध्ये बार्सेच्या आणि युमथांगजवळच्या शिंग्बा अभयारण्यात डोंगर लाल-गुलाबी होतात.

आता पैसा. दोघांनी डोंगरावर जगायचे वेगवेगळे मार्ग काढले आणि प्रवाशाच्या खिशाशी त्याचा थेट संबंध आहे.

भूतानचा मोठा आधार वीज. छुखा 336 मेगावॅट, ताला 1,020, मांगदेछू 720. भारताच्या पैशाने आणि तंत्राने उभे राहिलेले प्रकल्प. पावसाळ्यात नद्या भरल्या की वीज भारताला विकायची, हिवाळ्यात पाणी आटलं की भारताकडूनच घ्यायची. पर्यटनात धोरण असं, की माणसं थोडी यावीत आणि प्रत्येकाने देशासाठी काही देऊन जावं. भारतीयांना रात्रीमागे 1,200 रुपये शाश्वत विकास शुल्क द्यावं लागतं, 6 ते 12 वयाच्या मुलांना निम्मं, त्याखालच्यांना काही नाही. म्हणजे आईवडील आणि दहा-बारा वर्षांची दोन मुलं सहा रात्री राहिली तर 21,600 रुपये, हॉटेल, गाडी, जेवण सोडून. हा पैसा सरकारी तिजोरीत जातो. तिथे शाळा आणि दवाखाना लोकांना मोफत आहेत. मला हे शुल्क जाचक वाटत नाही. पण बजेट घट्ट असेल तर हा आकडा आधीच वहीत लिहा. स्वतःची गाडी न्यायची असेल तर दिवसाला 4,500 रुपये वेगळे, म्हणून सीमेवरच गाडी बदललेली बरी.

सिक्कीमने दार सताड उघडं ठेवलं. 2025 पासून प्रवाशाकडून 50 रुपये घेतात, इतकंच. चांगल्या वर्षी राज्याच्या लोकसंख्येच्या दुपटीहून जास्त प्रवासी येतात. त्यामुळे टॅक्सीवाले, होमस्टेवाले, दुकानदार यांची चूल पेटते, आणि त्यामुळेच छांगूच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. राज्याचं दरडोई उत्पन्न देशात आघाडीवर आहे, पण ते पर्यटनापेक्षा वीज आणि औषधांच्या कारखान्यांमुळे. शेती छोट्या उतारांवरची. रासायनिक खतं-औषधं टप्प्याटप्प्याने बंद करत जानेवारी 2016 मध्ये सिक्कीम देशातलं पहिलं संपूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर झालं, सुमारे 75 हजार हेक्टरांवर. आपल्या मटणाच्या मसाल्यात पडणारी मसाला वेलची भारतात सगळ्यात जास्त पिकते ती इथेच, उत्तीसच्या झाडांच्या सावलीत. भट्टीच्या धुरावर वाळवतात, म्हणून तिला तो धुराचा वास. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेलात तर शेतकऱ्याकडूनच घ्या.

जेवणाची काळजी दोन्हीकडे नको. भूतानमध्ये मिरची हा मसाला नसून भाजी आहे; एमा दात्शी म्हणजे चीजमध्ये शिजवलेल्या मिरच्या. तिखट खाणाऱ्या मराठी माणसालाही पहिल्या घासाला पाणी लागतं. शाकाहारी असाल तर बटाट्याची केवा दात्शी आणि अळंबीची शामू दात्शी सगळीकडे मिळते. सिक्कीममध्ये गुंद्रुक (आंबवून वाळवलेली पालेभाजी), निंग्रो (नेच्याचे कोवळे कोंब) आणि छुर्पी (तिथलं चीज) घरगुती ठिकाणी मागून खा.

भूतानबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ‘आनंदी देश’ ही ओळख ऐकून लोक जातात. 1990 च्या दशकात तिथून एक लाखाहून अधिक नेपाळीभाषक लोकांना बाहेर पडावं लागलं. ते वर्षानुवर्षं नेपाळमधल्या छावण्यांत राहिले आणि पुढे बरेच जण अमेरिकेत व इतरत्र गेले. सिक्कीम 1975 साली भारतात विलीन झालं, तिथे नेपाळीभाषक बहुसंख्य. ते उदाहरण भूतानच्या राज्यकर्त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, असं अनेक अभ्यासक मानतात. भूतान सुंदर आहे, शिस्तीचा आहे, आणि हे त्याच्या इतिहासात आहे. जाताना माहीत असावं.

कागदपत्रांत भूतानला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार चालत नाही. लहान मुलांचा जन्मदाखला बरोबर घ्या. सिक्कीममध्ये गंगटोक, पेलिंगला काही लागत नाही, पण छांगू, नाथू ला आणि उत्तरेकडे परवाना लागतो आणि तो स्थानिक नोंदणीकृत एजन्सीमार्फतच निघतो. सोमवारी-मंगळवारी नाथू ला बंद असते. आखणी करताना हे हमखास विसरलं जातं.

दिवाळीची सुट्टी दोन्हीकडे उत्तम, हवा धुतल्यासारखी. फक्त दुर्गापूजेच्या आठवड्यात सिक्कीमला जाऊ नका. अख्खा बंगाल तिथे असतो. मे महिन्यात फुलं मिळतील, कांचनजंगा मात्र ढगांत राहण्याची शक्यता जास्त. डिसेंबर-जानेवारीत निघणाऱ्यांना मी भूतान सुचवेन: पुनाखाला ऊबदार ऊन आणि फोब्जिखाला क्रौंच.

आईवडिलांना घेऊन सात-आठ दिवस जायचं असेल तर माझं मत भूतानला. तिशीतले मित्र असाल, रस्ता बिघडला तरी चालेल आणि बर्फ बघायचाच असेल, तर सिक्कीम. आणि सिक्कीमच ठरलं पण उत्तरेकडचा रस्ता बंद निघाला, तर सहल रद्द करू नका. पश्चिमेकडे वळा. पेलिंगला दोन रात्री, युक्सोमला दोन. 1642 साली पहिल्या चोग्यालचा, म्हणजे सिक्कीमच्या राजाचा, राज्याभिषेक युक्सोमला झाला, ते दगडी आसन अजून जंगलाच्या कडेला आहे. वर दुब्दी मठापर्यंत तासाभराची पायवाट आहे, आणि गावात होमस्टेची घरं आहेत. फोन करून गेलात तर संध्याकाळच्या जेवणात त्यांच्याच शेतातली भाजी असते.