मित्राची जुनी गाडी: मेकॅनिकची यादी की मधला भाव?

मित्राची गाडी पसंत आहे, चालवून झाली आहे, कागदपत्रं नीट आहेत आणि आता फक्त आकडा ठरायचा आहे, अशा टप्प्यावर तुम्ही असाल तर हे तुमच्यासाठी. ॲव्हरेज किती आणि कुठलं मॉडेल चांगलं, यात मी शिरत नाही. किंमत ठरवायच्या दोन पद्धती मी स्वतः वापरल्या आहेत, एक गाडी घेताना आणि दुसरी माझी गाडी मित्राला देताना. तिसरी जवळून पाहिली आहे. तिन्हींत फसवाफसवी नाही. फरक पडतो तो व्यवहारानंतर मित्र भेटला की काय वाटतं, यात.

पहिली यादीची पद्धत. तशाच गाडीचा जाहिरातींतला भाव वर धरायचा, दोघांपैकी कोणाच्याही ओळखीचा नसलेला मेकॅनिक गाठायचा आणि त्याने काढलेलं एकेक काम वजा करत खाली यायचं. दुसरी मधल्या भावाची. डीलर आज ही गाडी कितीला उचलेल आणि तशीच गाडी बाहेर घ्यायला गेलं तर कितीला पडेल, हे दोन आकडे काढायचे आणि मधोमध थांबायचं. तिसरी चिठ्ठ्यांची. देणाऱ्याने आपला कमीत कमी आणि घेणाऱ्याने आपला जास्तीत जास्त आकडा गुपचूप लिहायचा, चिठ्ठ्या उघडायच्या, सरासरी काढायची.

चिठ्ठ्यांचं लवकर उरकतो. दोघंही हातचं राखून लिहितात, आणि घेणाऱ्याचा आकडा देणाऱ्याच्या आकड्याखाली निघाला की गाडी तिथेच अडते. मग दुसरी चिठ्ठी लिहायची की नाही यावर चर्चा. शिवाय दोन्ही आकडे मनातले, बाजाराशी त्यांचा संबंध असेलच असं नाही. ज्यांना आधीच भाव माहीत आहे आणि फक्त तोंडाने बोलायला अवघड वाटतंय, त्यांना ही पद्धत चालेल. ‘तुला वाटेल ते दे’ हा प्रकार मी पद्धतीत धरतच नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते अशा वेळी दोन्ही बाजूंना लागू पडतं: घेणारा जास्त देऊन बसतो किंवा देणारा कमी घेऊन कुढत राहतो.

यादीच्या पद्धतीबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण ते खरं आहे. गाडी लिफ्टवर चढली की जे कळतं ते कितीही टेस्ट ड्राइव्ह करून कळत नाही. टायरच्या बाजूला कोरलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे मी तिथेच वाचायला शिकलो: २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी भरपूर दिसत असली तरी रबर जुनं असू शकतं. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र दारावर लावलं की कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन दाखवतो. पुट्टी भरलेली असेल तिथे आकडा कित्येक पट उसळतो. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे सर्व्हिसच्या कागदांवरून कळतं, आणि ते कळणं फार मोलाचं, कारण बऱ्याच इंजिनांत तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीला परवडण्यापलीकडे जातो.

इथपर्यंत सगळं उत्तम. अडचण सुरू झाली ती वजाबाकीपासून.

मेकॅनिकने क्लच पाहिला. पेडल जवळजवळ पूर्ण सुटेपर्यंत गाडी हलत नव्हती, आणि चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज वाढे पण वेग जागच्या जागी. क्लच प्लेट संपत आली होती, यात शंका नाही. मेकॅनिकने कागदावर आकडा टाकला, मी तो वजा धरला. मित्र म्हणाला, ‘अरे, आठ वर्षांची गाडी आहे. हिचा क्लच नवा असता तर मी हा भाव सांगितला असता का?’

त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि माझ्या मते यादीच्या पद्धतीचं मुख्य दुखणं हेच आहे. आठ वर्षांच्या गाडीच्या भावात आठ वर्षांची झीज धरलेलीच असते. ती पुन्हा कामागणिक कापली तर एकच गोष्ट दोनदा वजा होते. बरं, कापायचीच नाही म्हणावं, तर मग मेकॅनिकच्या यादीतलं वयाचं कुठलं आणि वयाबाहेरचं कुठलं? ब्रेक पॅड वयाचे. सायलेन्सरला गंज? तो कुठे धरायचा? मग मित्राने त्याची बाजू मांडायला सुरुवात केली. बॅटरी नुकतीच नवी टाकलेली, तिचे वाढव. सीट कव्हर चांगली आहेत, त्यांचे धर. चारही टायर बदलले नसले तरी पुढचे दोन बदललेत. दोघांच्या दोन याद्या झाल्या आणि प्रत्येक ओळीवर बोलणं होऊ लागलं.

रक्कम मोठी नव्हती, पण मला जाच झाला तो वेगळाच. यादीतली प्रत्येक ओळ मित्राच्या कानाला ‘तू गाडी नीट ठेवली नाहीस’ अशी ऐकू येते. अनोळखी माणसाशी हीच घासाघीस केली तर काही वाटत नाही, उद्या तो कोण आणि मी कोण. मित्र मात्र ती गाडी किती जपायचा हे मी पाहिलेलं होतं, आणि त्याच्यासमोर गंजाचे पैसे मागायचे होते. सौदा झाला, आकडाही बहुधा वाजवी होता, पण त्यानंतर बरेच दिवस गाडीचा विषय निघाला की तो खर्चाचा हिशेब देऊ लागे. हे मला नको होतं.

म्हणून माझी गाडी दुसऱ्या मित्राला द्यायची वेळ आली तेव्हा मी मधल्या भावाचा आग्रह धरला.

यामागचा विचार सोपा आहे. समजा डीलर तुमच्या मित्राला १०० देईल आणि तशीच गाडी तुम्हाला १३० ला विकेल. मधल्या ३० मध्ये त्याचा नफा, जागेचं भाडं, पॉलिश, किरकोळ दुरुस्ती, थोडीफार वॉरंटी आणि गाडी न खपण्याची जोखीम असते. तुमच्या दोघांच्या व्यवहारात हे फारसं काही होतच नाही. म्हणजे ते ३० वाचतात, आणि ते निम्मे-निम्मे वाटून घेतले की ११५ ला मित्राला डीलरपेक्षा जास्त मिळतात आणि तुम्हाला बाजारापेक्षा कमी पडतात. कोणी कोणावर उपकार केलेले नसतात. काटेकोरपणे बघायचं तर मित्र वॉरंटी देत नाही, गाडी झळाळून देत नाही, म्हणून मधल्या आकड्यापासून किंचित खाली सरकणं योग्य. मी माझ्या गाडीचा आकडा तसाच थोडा खाली घेतला.

अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांचंच उदाहरण घेऊन दाखवलं होतं की विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत असते आणि घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा प्रत्येक गाडीकडे संशयाने बघतो आणि चांगल्या गाडीचाही भाव पडतो. त्या कामाचा वाटा त्यांच्या २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये आहे. मित्राच्या गाडीत हा संशय बराच कमी होतो. ती कुठे ठोकली, कोण चालवायचं, सर्व्हिस वेळेवर व्हायची का, हे तुम्हाला ठाऊक असतं. त्यामुळे डीलरच्या भावापेक्षा जास्त देणं हा मला मोठेपणा वाटत नाही. त्या माहितीची ती रास्त किंमत आहे.

दुसरी बाजूही आहे. आपल्या हातातली वस्तू आपल्याला जास्त मोलाची वाटते. कानमन, नेच आणि थेलर या संशोधकांच्या १९९० च्या प्रयोगात ज्यांच्या हातात कप दिला होता त्यांनी तो विकायला जी किंमत मागितली, ती घेणाऱ्यांच्या तयारीच्या जवळपास दुप्पट होती. तो तर साधा कप, आणि मिळून काही मिनिटंच झालेली. जिच्यातून मुलं शाळेत गेली त्या गाडीचं काय होत असेल! माझ्या मनातला आकडाही माझ्या गाडीच्या वरच्या भावाच्या आसपास घुटमळत होता. बाहेरून आलेल्या दोन आकड्यांमुळे तो खाली आणायला मला मित्राशी वाद घालावा लागला नाही, आणि त्यालाही माझ्याशी नाही.

या पद्धतीत खोट नाही असं नाही. जाहिरातींतले आकडे मागणीचे असतात, सौदा त्याखाली होतो, म्हणून वरचा भाव म्हणून एकच सर्वांत महाग जाहिरात धरू नये. किलोमीटर आणि वर्ष जुळणाऱ्या बऱ्याच गाड्या पाहाव्यात. डीलरचा भावही दोन-तीन ठिकाणांहून, गाडी प्रत्यक्ष दाखवून घ्यावा. फोनवर किंवा वेबसाइटवर मिळालेला आकडा गाडी समोर आल्यावर उतरतो. आणि हे दोन्ही आकडे दोघांनी मिळून शोधावेत. एकाने एकट्याने आणलेला आकडा दुसऱ्याला एकतर्फी वाटतो.

मेकॅनिक मी तरीही सोडत नाही, फक्त त्याचं काम बदलतो. मधला भाव ठरल्यावर गाडी त्याच्याकडे न्यायची, आणि प्रश्न एकच: वयाला न शोभणारं काही मोठं आहे का? इंजिन ऑइल पितंय, चॅसी वाकलेली आहे, गिअरबॉक्स अडकतोय, असं निघालं तर आकड्यावर पुन्हा बसायचं किंवा गाडी सोडायची. क्लच, पॅड, टायर यांवर बोलायचंच नाही, असं आधी ठरवून घ्यायचं. माझ्या गाडीच्या वेळी हे बोलणं चहा संपायच्या आत आटोपलं.

गाडी फार जुनी असेल, मोठा अपघात झालेला असेल किंवा मॉडेल इतकं दुर्मिळ असेल की जोडीच्या गाड्या सापडतच नाहीत, तर मात्र यादीला पर्याय नाही. तिथे बाजारभावच धड नसतो, मग मधला भाव कशाचा काढणार?

एक गोष्ट दोन्ही पद्धतींत सारखी लागते, आणि ती आकडा ठरायच्या आधी बोलावी: पैसे दिल्यानंतर पहिल्या महिन्यात काही मोठं बिघडलं तर खर्च कोणाचा. माझी गाडी देताना आम्ही ठरवलं होतं की माहीत असून न सांगितलेलं निघालं तर माझा, बाकी सगळा त्याचा. थोड्याच दिवसांत एसीचा कॉम्प्रेसर गेला. त्याने मला फोन केला तो चांगला मेकॅनिक कोण हे विचारायला, आणि बिल त्यानेच भरलं.