यूडीआयडीची ऑनलाइन सेवा: पालकांना मदत करणाऱ्यांनी वापरण्याआधी वाचावं असं

शाळेत किंवा परीक्षा मंडळाकडे मुलाची बाजू मांडायची तर हातात कागद हवा. १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाची प्रमाणपत्रं केंद्राच्या स्वावलंबन कार्ड पोर्टलवरूनच दिली जातात. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी (दिव्यांगांचं विशिष्ट ओळखपत्र) कार्ड या दोन्हींसाठी अर्ज एकच, आणि फीही नाही. एवढ्यासाठी ही सेवा चांगलीच म्हणायची.

अर्जात मुलाचं नाव आधारवर आहे तसंच टाका. शाळेच्या दाखल्यात स्पेलिंग वेगळं असेल तर आधी ते जुळवून घ्या, नाहीतर ही तफावत दहावीच्या आवेदनपत्रापर्यंत पिच्छा सोडत नाही. रुग्णालय निवडताना नुसतं जवळचं बघू नका. अध्ययन अक्षमतेच्या (वाचन, लेखन, गणितातल्या विशिष्ट अडचणींच्या) चाचण्या सगळ्याच सरकारी रुग्णालयांत होत नाहीत. तिथे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहेत का, हे फोन करून विचारा.

पुढचं काम पोर्टलच्या बाहेरचं. बालरोगतज्ज्ञांची तपासणी, डोळे-कान, बुद्ध्यांक आणि मग निमहान्सची (बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेची) चाचणीमाला. जाताना मुलाच्या वर्गातल्या वह्या न्या, घरी बसवून सुवाच्य उतरवून घेतलेल्या नकोत. सुटलेली वेलांटी, फळ्यावरून लिहिताना गाळलेली अख्खी ओळ, हातचा विसरलेली वजाबाकी, हे तपासणाऱ्याला दिसायला हवं.

सगळ्यात जास्त खटकते ती यादी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, पण एडीएचडीला (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) स्वतंत्र जागा नाही. या मुलांचे पालक इथेच अडतात. एडीएचडीसोबत अध्ययन अक्षमताही असू शकते, म्हणून त्या चाचण्या आवर्जून मागा.

आणखी एक गोष्ट पालकांना कोणी सांगत नाही. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठव्या वर्षी मिळालं तरी चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. दहावी त्यानंतर लगेच येते, म्हणून चौदा पूर्ण होताच तारीख घ्या.

कार्ड आलं म्हणजे सवलत मिळाली असं नाही. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे लेखनिक (मुलाच्या वतीने पेपर लिहिणारा) मिळणाऱ्यांना तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. पण मंडळाकडे प्रस्ताव शाळेनेच पाठवायचा असतो. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, लेखनिक, जादा वेळ, गणकयंत्र यांतलं काय हवं ते त्यात वेगवेगळं लिहा, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या. तोंडी होकारावर परत येऊ नका.