लॅमिंग्टन रोडचा हेडसेट आणि आमचा वायरलेस

घासाघीस करून १,४५० रुपयांना आणलेला हा हेडसेट महिनाभर वापरतेय, तोही पोलीस रोलप्लेसाठीच, म्हणजे ऑनलाइन गेममध्ये पोलीस बनून खेळायला. आमच्या खेळात वायरलेसवर गाडीची ओळख सांगायला लॉस एंजेलिस पोलिसांची पद्धत चालते. ‘१-ॲडम-१२’ म्हणजे पहिला विभाग, दोघांची गाडी. एकटाच असेल तर ‘ॲडम’ऐवजी ‘लिंकन’. यातला एक शब्द गिळला गेला तरी मदत भलत्याच गाडीकडे जाते, म्हणून मला माईक स्वच्छच हवा होता. परळच्या आमच्या चाळीत शेजारी मालिका, खाली ढोलाची तालीम. तरी समोरच्याला फक्त माझाच आवाज जातो! बटण दाबून क्षणभर थांबा, मगच बोला, नाहीतर सुरुवातीचा ‘१’ उडतो. कानाच्या गाद्या मात्र तासाभरात घामाने चिकटतात. डावीकडची शिवण उसवली होती, दुकानदारकाकांनी लगेच बदलून दिली.